पाण्याची मोटार बंदच होत नाही, तेव्हा काय बघायचं?

(गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी पाठ)



या महिन्याचा पाठ मोटारीचा आहे. हसू नका. "मोटार म्हणजे पुरुषांचं काम," असं म्हणून आपण तिच्याकडे बघतही नाही. पण पाणी भरायची वेळ आपली. टाकी भरून वाहू लागली की बोलणी आपल्याला. वीजबिल वाढलं की घरखर्चात काटकसर करणारीही आपणच. मग ज्या यंत्रामुळे एवढं सगळं होतं, ते यंत्र आपल्याला ओळखीचं नको का?

१५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं आणि गावोगाव घरात नळ येऊ लागले. नळाचं पाणी थोडा वेळच येतं, म्हणून घरामागे खाली एक टाकी, स्लॅबवर काळी टाकी आणि मध्ये अर्ध्या किंवा एक एचपीची मोटार, अशी सोय बऱ्याच घरांनी केली. कुणाची मोटार विहिरीवर आहे, कुणाची बोअरवर. डोक्यावरचा हंडा उतरला, ही फार मोठी गोष्ट झाली. पण मोटार घरात आली तशी तिची दुखणीही आली. त्यातलं नेहमीचं दुखणं म्हणजे मोटार एकदा चालू झाली की बंद व्हायचं नाव घेत नाही.

हा पाठ वाचून तुम्ही वायरमन होणार नाही आणि व्हायचंही नाही. पण बिघाड कुठल्या बाजूला आहे हे तुम्हाला ओळखता येईल. कशाला हात लावायचा आणि कशाला अजिबात लावायचा नाही हेही कळेल. दुरुस्तीला आलेल्या माणसाला चार नेमके प्रश्न विचारता येतील.

आधी जरा प्रभादेवीला जाऊन येऊ

आपल्यापैकी कितीतरी जणींचं कुणी ना कुणी मुंबईत प्रभादेवी, परळ, लालबागला आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून माणसं गेली आणि तिथलीच झाली. मे महिन्यात मुलांना घेऊन आपण जातो, सिद्धिविनायकाचं दर्शन घेतो आणि पहाटे शेजारच्या काकूंची हाक ऐकतो, "पाणी आलं गं!" म्हणजे नळाला ठरावीक वेळच पाणी येणं ही काही आपल्याच गावची गोष्ट नाही.

ते पाणी येतं कुठून? बरंचसं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातून. भातसा, तानसा, मोडकसागर ही नावं तुम्ही पावसाळ्यात बातम्यांत ऐकता. तानसा धरण तर १८९२ सालचं आहे. तिथून मोठमोठ्या नळांतून पाणी येतं, भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होतं आणि मग शहरात वाटलं जातं.

प्रभादेवीच्या इमारतीपर्यंत पोचलं तरी ते आपोआप चौथ्या मजल्यावर चढत नाही. पाणी दहा मीटर, म्हणजे साधारण तीन मजले वर चढवायला एक किलोचा दाब लागतो. रस्त्यातल्या नळाला तेवढा दाब प्रत्येक वेळी असतोच असं नाही. म्हणून जमिनीखालच्या टाकीत पाणी साठवतात, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि तिथून ते नळानळाला उतरतं.

आता आपल्या घराकडे बघा. खालची टाकी, मोटार, वरची टाकी. सगळं तेच. फक्त तिथे वीस-पंचवीस बिऱ्हाडांना मिळून एक मोटार आणि आपल्याकडे एका घराला एक. पण शिकायला प्रभादेवीची इमारत जास्त चांगली. कारण मोटार बंद झाली नाही की तिथे सगळ्या चाळीला कळतं. गच्चीतून पाणी भिंतीवरून ओघळतं, वरच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते, खालची टाकी रिकामी होते आणि दुपारी कुणालाच पाणी नसतं. तेव्हा शोधाशोध सुरू होते ती पंपरूमच्या किल्लीची. किल्ली एकाच माणसाकडे आणि तो गेलेला कामाला!

म्हणून पहिला धडा इथेच घ्या. मोटारीचं मेन स्विच घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं आणि तिथे कुणालाही लगेच पोचता आलं पाहिजे.

मोटारीला "थांब" कोण सांगतं?

मोटारीला स्वतःची अक्कल नसते. वीज मिळाली की ती फिरते, वीज तुटली की थांबते. टाकी भरली की रिकामी, हे तिला समजत नाही. तिला थांबवणारं वेगळं कुणीतरी लागतं. ते तीन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार म्हणजे आपला हात. बटण दाबून चालू, बटण दाबून बंद.

दुसरा प्रकार फुगा, म्हणजे फ्लोट स्विच. टाकीत वायरला लटकलेला प्लास्टिकचा पेरूएवढा किंवा त्याहून मोठा गोळा. त्याच्या पोटात स्विच असतो. पाणी खाली असेल तेव्हा फुगा लोंबकळतो आणि मोटारीला वीज मिळते. पाणी वर आलं की फुगा तरंगून उलटा होतो, आतला स्विच सुटतो आणि मोटार थांबते.

तिसरा प्रकार सेन्सरचा. टाकीत वेगवेगळ्या उंचीवर धातूच्या काड्या सोडलेल्या असतात आणि खाली भिंतीवर दिव्यांचा डबा असतो. पाणी वरच्या काडीला टेकलं की डब्याला कळतं आणि तो मोटार बंद करतो.

मोटार मोठी असेल तर मध्ये आणखी एक जण असतो, तो म्हणजे स्टार्टर. फुगा किंवा सेन्सर फक्त निरोप देतो आणि वीज जोडायचं-तोडायचं काम स्टार्टर करतो.

म्हणजे साखळी अशी: टाकीतलं पाणी, मग फुगा किंवा सेन्सर, मग वायर, मग स्टार्टर, मग मोटार. मोटार बंद होत नाही याचा अर्थ निरोप या साखळीत कुठेतरी अडकला. आपल्याला एवढंच शोधायचंय, कुठे?

सगळ्यात आधी बंद करा

बिघाड शोधायच्या आधी मोटार मेन स्विचवरून बंद करा. पुढच्या गोष्टी जीवाच्या आहेत, त्या दोनदा वाचा.

१. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, पायाखाली कोरडी जमीन किंवा लाकडी पाट. हे नसेल तर स्विचजवळ जायचं नाही.

२. मोटारीजवळ पाणी साचलं असेल तर त्यात पाय घालू नका. घराच्या मुख्य बोर्डावरून वीज बंद करा. प्रभादेवीसारख्या भागात मुसळधार पावसात तळमजल्याच्या पंपरूममध्ये पाणी शिरतं आणि आपल्याकडे विहिरीच्या काठावर चिखल असतो. धोका दोन्हीकडे सारखाच.

३. मोटार थांबली म्हणजे वीज गेली असं समजू नका. फुगा साधारण एकच वायर तोडतो, दुसरीत वीज असू शकते. बोर्डाची जोडणी चुकीची असेल तर बटण बंद करूनही मोटारीच्या वायरीत वीज राहते. म्हणून टाकीत हात घालायच्या आधी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं मेन स्विच बंद हवं आणि तिथे एक माणूस उभा हवा, "कुणी चालू करू नका" म्हणून.

४. मोटारीला, पाइपला किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर तो "थोडासा शॉक" समजून सोडून देऊ नका. ती सूचना आहे. मोटार बंद करा आणि वायरमन येईपर्यंत चालू करू नका.

५. कुणाला शॉक बसला तर त्या व्यक्तीला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करा. मग १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

ज्या घरात मोटार आहे त्या घरात अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच. गळती होताच तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. मोटारीसाठी अंतर्गत कर्ज घेताना याचा खर्चही अर्जात धरा.

एकच प्रश्न: वरची टाकी भरली आहे का?

आता शोध सुरू. मोटार बंद होत नव्हती तेव्हा वरच्या टाकीत पाणी किती होतं? या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

टाकी भरून वाहत होती आणि तरी मोटार चालू होती, तर बिघाड निरोपात आहे.

टाकी भरलीच नव्हती, तर मोटारीचं चुकलेलं नाही. तिला थांबायचा निरोप मिळायची वेळच आली नाही. बिघाड पाण्यात आहे.

कितीतरी घरांत हा प्रश्न न विचारताच नवा फुगा आणला जातो आणि दोन दिवसांनी तक्रार तीच राहते.

टाकी भरली तरी मोटार चालू

*फुगा अडकला का?* टाकीतल्या पाइपात, शिडीच्या पायरीत किंवा स्वतःच्याच वायरीत गुंतला असेल तर तो वर येणार नाही. मेन स्विच बंद करून काठीने मोकळा करा. पुन्हा गुंतू नये म्हणून वायर पाइपपासून लांब बांधा.

*फुग्यात पाणी शिरलं का?* फुग्याला चीर पडली की तो जड होतो आणि पाण्यात बुडून राहतो. मेन स्विच बंद असतानाच फुगा बाहेर काढा आणि कानाजवळ हलवा. आतून "टक-टक" असा गोळीचा आवाज आला तर ठीक. "डुबुक-डुबुक" असा पाण्याचा आवाज आला तर फुगा गेला. तो चिकटपट्टीने दुरुस्त होत नाही, बदलायचाच.

*नवा फुगा बसवल्यापासून उलटं चाललंय का?* बऱ्याच फुग्यांना तीन वायरी असतात. वरची टाकी भरायची असेल तर एक जोडी वापरतात, खालची टाकी कोरडी पडल्यावर मोटार थांबवायची असेल तर दुसरी. जोडी चुकली की टाकी रिकामी असताना मोटार बंद आणि भरल्यावर चालू, असं उलटं होतं. यात फुग्याचा दोष नाही, जोडणीचा आहे. वायरमनला एवढंच सांगा, "भाऊ, ही जोडी खालच्या टाकीची लागलीय का बघा."

*सेन्सरच्या काड्यांवर पांढरा थर आलाय का?* आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. काड्यांवर क्षार बसले की पाणी टेकलं तरी काडीला ते कळत नाही. दिव्यांच्या डब्यावर टाकी अर्धीच दिसते आणि मोटार चालू राहते. मेन स्विच बंद करा, काड्या बाहेर काढा, लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने घासा आणि धुऊन परत सोडा. तरी जमलं नाही तर टाकीपासून डब्यापर्यंतची वायर उंदरांनी कुरतडली आहे का ते बघा. उन्हाने कडक होऊनही ती तुटते.

*टाकीत फुग्याऐवजी नुसता बॉल आहे का?* इथे खूप घरांची फसगत होते. संडासाच्या फ्लशमध्ये असतो तसा दांडीचा बॉल टाकीच्या तोंडाशी बसवलेला असतो. टाकी भरली की तो पाणी अडवतो, पण मोटार बंद करत नाही. मोटार बंद तोंडाविरुद्ध रेटा देत राहते. आतलं पाणी तिथल्या तिथे घुसळून तापतं, सील जातं, पाइपाचे जोड सुटतात. बाहेरून पाणी वाहताना दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं छान आहे. दांडीच्या बॉलची जागा नळाचं पाणी जिथे पडतं तिथे, म्हणजे खालच्या टाकीत. मोटार जी टाकी भरते तिथे विजेचा फुगा किंवा सेन्सरच हवा.

टाकी भरतच नाही, म्हणून मोटार चालू

मोटार चालू करून एकीने वर टाकीजवळ जायचं आणि पाणी पडतंय का ते बघायचं. उत्तर तीनपैकी एक असेल.

*पाणी अजिबात पडत नाही.* लगेच बंद करा. मोटार कोरडी फिरते आहे. पाण्यानेच ती आतून थंड राहते, कोरडी फिरली की काही मिनिटांत सील जळायला लागतं. खालची टाकी किंवा विहीर आटली का, व्हॉल्व्ह बंद राहिला का, फुटव्हॉल्व्ह गळून पाइपातलं पाणी उतरून गेलं का, ते बघा. पाइपातलं पाणी उतरलं असेल तर मोटार बंद ठेवून वरून पाणी भरा आणि मग चालू करा. रोज पाणी भरावं लागत असेल तर फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा त्याचा रबर गेलाय.

*पाणी बारीक किंवा फुसफुसत पडतं.* मोटार पाण्याबरोबर हवा ओढते आहे. ओढणाऱ्या पाइपाच्या जोडावर कुठेतरी फट आहे, किंवा विहिरीचं पाणी फुटव्हॉल्व्हच्या जवळ उतरलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये हे हटकून होतं. तेव्हा मोटार जास्त वेळ चालवून पाणी वाढत नाही, मोटार तेवढी जळते. थोडं थोडं उपसा आणि झऱ्याला भरायला वेळ द्या.

*पाणी जोरात पडतं, तरी टाकी भरत नाही.* म्हणजे येतंय तेवढंच कुठेतरी जातंय. गोठ्यातला नळ उघडा राहिला का? फ्लशची टाकी सतत गळते का? टाकीला तळाशी भेग आहे का? हे ओळखायला सोपी युक्ती आहे. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खडूची खूण करा आणि सकाळी बघा. कुणी पाणी वापरलं नाही आणि पातळी उतरली, तर गळती पक्की.

गळती बाहेर कुठेच दिसत नसेल तर आणखी एक शक्यता आहे. मोटार थांबली की पाणी त्याच पाइपाने उलटं खाली जात असेल. पाइपाचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडलेलं आहे आणि पाणी परतू न देणारा व्हॉल्व्ह खराब आहे, असं असलं की हे होतं. मग मोटार थांबते आणि थोड्या वेळात परत चालू होते, असा खेळ रात्रभर चालतो. व्हॉल्व्ह बदलला की खेळ संपतो.

लाल बटण दाबलं तरी मोटार फिरते

हे सगळ्यात घातक. फुगा नीट आहे, सेन्सर नीट आहे, पण स्टार्टरचं लाल बटण दाबूनही मोटार थांबत नाही आणि फक्त मेन स्विच काढल्यावरच थांबते. याचा अर्थ स्टार्टरच्या आतले वीज जोडणारे टोक तापून एकमेकांना चिकटले आहेत.

असं का होतं? आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. व्होल्टेज कमी असलं की स्टार्टर "खडखड" असा आवाज करत जोडतो-तोडतो, ठिणग्या पडतात आणि टोकं वितळून चिकटतात. दुसरं कारण म्हणजे लहान फुग्यावर मोठी मोटार थेट जोडलेली असते. फुग्याला तेवढा भार पेलत नाही आणि त्याच्या पोटातलाच स्विच चिकटतो. फुग्यावर किती अँपिअर लिहिलंय आणि मोटारीच्या पट्टीवर किती, हे दुकानात ताडून बघायला सांगा. मोटारीचा आकडा मोठा असेल तर मध्ये स्टार्टर हवाच.

चिकटलेला स्टार्टर हातोडीने ठोकून सुटतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तसं करू नका, कुणाला करूही देऊ नका. आज सुटला तरी उद्या परत चिकटतो, आणि तेव्हा घरात कुणी नसेल. स्टार्टरचं झाकण उघडायचं काम वायरमनचंच.

प्रेशर पंप असेल तर

काही नव्या घरांत नळ उघडला की आपोआप चालू होणारा प्रेशर पंप असतो. तो थांबत नसेल तर पंपाच्या पुढचा, घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा. मिनिटभरात पंप थांबला, तर पंप चांगला आहे आणि घरात कुठेतरी नळ गळतो आहे. थांबला नाही, तर लगेच मेन स्विच बंद करा. बिघाड पंपात किंवा त्याच्या प्रेशर स्विचमध्ये आहे.

वायरमनशी बोलताना

दुरुस्तीवाला येतो, मोटारीला हात लावतो आणि म्हणतो, "ताई, मोटार गेली. नवी घ्या." तेव्हा घाबरून "बरं" म्हणू नका. शांतपणे विचारा:

"भाऊ, मोटार फिरतेय, पाणीही वर चढवतेय. मग ती गेली कशी? ती फक्त थांबत नाहीये."

"फुगा मी हलवून बघितला, आत पाणी नाही. आता स्टार्टर उघडून दाखवा."

"जो भाग बदलाल तो जुना मला परत द्या आणि बिलावर भागाचं नाव लिहा."

यात भांडण नाही. चांगला कारागीर अशा प्रश्नांनी उलट खूश होतो, त्याचा वेळ वाचतो. आणि तुमचे पैसे वाचतात, कारण फुग्याची किंमत शेकड्यात असते आणि मोटारीची हजारांत.

हिशेब करून बघा

आपण हिशेबाच्या बायका आहोत, तेव्हा हाही हिशेब करू. २० लिटरची बादली मोटारीच्या पाण्याखाली धरा आणि किती वेळात भरते ते मोजा. समजा ३० सेकंद लागले, तर मिनिटाला ४० लिटर झाले. मोटार रोज फक्त ४० मिनिटं जास्त चालली आणि टाकी वाहिली, तर वाया गेलं १,६०० लिटर पाणी. जल जीवन मिशनमध्ये दर माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. म्हणजे एका घराच्या टाकीवरून रोज २९ माणसांचं पाणी गटारात गेलं. महिन्याचं होतं ४८,००० लिटर.

आता वीज. एक एचपीची मोटार तासाला साधारण एक युनिट खाते. रोजची ४० मिनिटं म्हणजे महिन्याला २० युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा आणि तो आकडा महिन्याच्या बचतीशेजारी लिहा.

पैशाच्या पलीकडेही एक हिशेब आहे. ज्या शहापूर तालुक्याचं पाणी प्रभादेवीच्या गच्चीपर्यंत जातं, त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात. आपल्या गावातही वरच्या आळीला पाणी पोचत नाही, कारण खालच्या आळीच्या टाक्या वाहत असतात. वाहून जाणारं पाणी कुणाच्या तरी हंड्यात जायचं असतं.

म्हणूनच आणखी एक गोष्ट. नळाच्या लाइनला थेट मोटार लावू नका. मुंबईत महापालिकेची त्याला मनाई आहे आणि गावच्या योजनेतही ते चालत नाही. अशी मोटार पुढच्या घरांचं पाणी ओढून घेते आणि पाइप कुठे फुटलेला असेल तर गटाराचं पाणीही आत खेचते. ते मग सगळ्यांच्याच घागरीत येतं. नळाचं पाणी आधी खालच्या टाकीत पडू द्या, मोटार त्या टाकीतून वर चढवेल.

या महिन्याच्या बैठकीत हे करा

१. ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी हात वर करा. त्यातल्या किती जणींना आपलं मेन स्विच कुठे आहे ते नेमकं सांगता येतं, ते मोजा. ज्यांना येत नाही त्यांनी आज घरी जाऊन बघायचं.

२. एका घरी सगळ्यांनी मिळून बादली धरून मोटारीचं पाणी मोजा. वरची टाकी रिकामी ते भरेपर्यंत किती मिनिटं लागतात ते लिहा. हा आकडा भिंतीवर, मोटारीच्या बटणाशेजारी ठेवा. टाकी २५ मिनिटांत भरते हे माहीत असलं, की ३५ मिनिटं झाल्यावर काहीतरी बिघडलंय हे न बघताही कळतं.

३. मोटारीसाठी वहीत एक पान ठेवा: दुरुस्तीची तारीख, बदललेला भाग, खर्च, कारागिराचं नाव. सालभरात तोच भाग तीनदा बदलला असेल तर रोग दुसरीकडे आहे, हे ते पानच सांगेल.

४. दर तीन महिन्यांनी, मेन स्विच बंद करून, फुगा हलवून बघा आणि सेन्सरच्या काड्या पुसा. टाकी धुवायच्या दिवशीच हे केलं की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

५. गावात आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली मुलगी किंवा सून असेल तर तिला पुढच्या बैठकीला बोलवा. स्टार्टर उघडून आत काय असतं ते तिच्याकडून समजून घ्या. तिला चार घरांचं कामही मिळेल.

चर्चेसाठी प्रश्न

- वरची टाकी भरलेली नाही आणि मोटार दोन तास चालू आहे. पहिल्यांदा काय कराल? मग कुठे बघाल?
- दांडीचा बॉल आणि विजेचा फुगा, यात फरक काय? तुमच्या घरी वरच्या टाकीत कोणता आहे?
- लाल बटण दाबूनही मोटार थांबत नाही. कुठला भाग बिघडला असेल आणि तो कुणी उघडायचा?
- तुमच्या घरी मोटारीचं मेन स्विच किती उंचीवर आहे? सासूबाईंचा हात तिथे पोचतो का?

शेवटचा प्रश्न साधा वाटेल, पण दुपारी घरात बहुतेक वेळा त्याच असतात. त्यांना सावकाश दाखवा, दोनदा करून घ्या. हात कोरडा, पायात चप्पल, आणि मग स्विच.